माईकवर घेतलेलं नाव

११ जानेवारी, रविवार

"तोंड आवर!" - आई. पाहुण्यांसमोर. म्हणजे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं की या मुलीला आवरण्यासारखं तोंड आहे.

मुलगा पेणकडचा. दोन डंपर, एक जेसीबी, गळ्यात बोटाएवढी जाड चेन. काहीही विचारलं की आधी आईकडे बघायचा. त्याच्या मामाने विचारलं, "पोरीला काय काय येतं?" मी म्हटलं, "मुलाला काय येतं ते आधी त्याच्या तोंडून ऐकू द्या, मग माझं सांगते." झालं! पोहे बशीत तसेच राहिले. बाबा त्यांना गाडीपर्यंत सोडून आले आणि चप्पल अशी काढली की ती भिंतीला जाऊन लागली.

नंतर भांडी घासताना आई म्हणाली, "तुज्या तोंडापायी यो बी गेला." यो बी! जशी काही मी त्याला ठेवूनच घेणार होते.

पियूष आत पलंगावर लोळत मोबाईलवर स्वतःचीच बॅटिंग बघत होता. माझा मोठा भाऊ, गावच्या बापदेव संघाचा कॅप्टन, घरातला एकुलता एक हिरा. मान वर न करता म्हणाला, "हिला बॉर्डरवर पाठवा, गोळ्या वाचतील." सगळे हसले. दुसऱ्या कोणाबद्दल असतं तर मीही हसले असते.

१३ जानेवारी, मंगळवार

तलाठी भरतीचा क्लास. अलिबागला जायचं, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली बसायचं आणि 'खालीलपैकी अयोग्य विधान ओळखा'. ओळखलं. मी इथे बसले आहे हेच अयोग्य आहे.

हे स्वप्न बाबांचं. खारजमिनीच्या सात-बाऱ्यावर आजोबांचं नाव चुकीचं लागलं होतं. ते दुरुस्त करायला बाबा ट्रक बाजूला लावून तलाठ्याकडे इतके खेटे घालत होते की एक दिवस घरी येऊन म्हणाले, "त्या खुर्चीन् माजी पोरगी बसवीन." छान! राग त्यांचा, खुर्ची त्यांची, बसायचं मी. त्यांचा अपमान झाला हे खरं आहे, मला वाईटही वाटतं. पण मी त्याची भरपाई का?

सर पंचायत राज शिकवत होते. मी बाकाखाली मोबाईल धरून उरणची मॅच बघत होते, लाईव्ह. आपली टेनिस बॉलची, शेत सपाट करून खेळतात ती. आवाज बंद करून. नेहमी बंदच करते, कारण कॉमेंट्री ऐकवत नाही. मनातल्या मनात माझी मी करते. शाळेत होते तेव्हापासून. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत कोण कसा उभा राहतो, कोण बॉल टाकायच्या आधी नाक पुसतो, कोणाचा गुडघा गेलाय आणि तो लपवतोय, सगळं पाठ आहे. पंचायत राज काही केल्या पाठ होत नाही.

मुलगी क्रिकेट बघते, एवढं चालतं. मुलगी क्रिकेट बोलते - छे छे! म्हणून इथे लिहिते.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तीळगूळ घ्या, गोड बोला. गावातल्या एकूण एक बाईने तो तीळगूळ माझ्या हातात दाबून, डोळ्यांत डोळे घालून दिला. कळलं, कळलं!

१८ जानेवारी, रविवार

आज दिवसभर ओरडले. रागाने नाही. कधी नव्हे ते!

चौलला गाववार स्पर्धा सुरू झाली. गाववार म्हणजे ज्या गावाचा संघ त्याच गावाचे खेळाडू, बाहेरचा एकही नाही. आधार कार्डावर गावाचा पत्ता लागतो, टॉसच्या आधी कार्डं तपासतात. पियूषसाहेब कार्ड घेऊन गेले आणि बूट घरी विसरले. "रुचे, बूट घेऊन ये." प्लीज, कृपा करून, असलं काही नाही. गेले स्कूटीवरून.

कॉमेंट्रीला आयोजकांनी कोणीतरी बसवला होता. "गोलंदाजाने चेंडू टाकला. फलंदाजाने चेंडू मारला." अरे, दिसतंय आम्हाला! नेहमीचा कॉमेंट्रीवाला गणराजदादा बाजूला बसून गरम पाणी पीत होता. आदल्या दिवशी कुठल्या तरी हळदीत माईकवर ओरडून त्याचा घसा बसला होता. मी मंडपाच्या मागे उभी राहून त्या माणसाच्या प्रत्येक वाक्याला माझं एक वाक्य जोडत होते. हळूच. पण माझं हळू म्हणजे काय ते आमच्या घरी विचारा.

गणराजदादा वळला. बसक्या आवाजात म्हणाला, "एवरं येतंय तं इकरं ये. मागं उभी राहून कोनी बी बोलंल."

मी बसले. माईक धरला. पुढच्याच बॉलला सीमेवरच्या पोराने सोपा झेल सोडला, आणि मी सुटले - "सोरला! झेल सोरला रं! येच्या आयेला सांगा, आज येला ताट वारू नुको, ते बी हातातशी परंल!"

मैदान हसलं. चारी बाजूंनी! त्या पोराची आई तिथेच होती, ती तर पदर तोंडाला लावून हसत होती. मग एका बॉलरला म्हटलं, "येचा बॉल इतका हलू येतंय का बॅट्समन मदी जाऊन चाय पिऊन आला तरी चालंल." तो बॉलर स्वतः कमरेवर हात ठेवून हसत उभा राहिला.

तोंड तेच. शब्द तेच. घरी ज्यासाठी शिव्या खाते तेच. इथे लोक म्हणत होते - आजून!

पियूष पहिल्याच बॉलला बोल्ड झाला. त्यालाही सोडलं नाही. "बूट इसरला तो इसरला, बॅट बी घरीच ठेवली वाटतं." बाकीच्यांनी सावरलं, मॅच जिंकलो. घरी आल्यापासून तो माझ्याशी बोलत नाहीये. फायदाच आहे.

१९ जानेवारी, सोमवार

बाबांना बंदराच्या लाईनीत दुसऱ्या ट्रकवाल्यांनी मोबाईलवर क्लिप दाखवली. "नामा, ही तुजीच ना रं पोरगी?" झालं.

"मी दुनियेला सांगतंय पोरगी तलाठी व्हनार, आन् तू शेतान् बसून बोंबलतेस!"

आई म्हणाली, "आथा कोन करनार हिला?" शेजारच्या आवडाबाई कुंपणावरून, न विचारता: "आवाज बरा हाय गो तुजा. पन बाईमानसाचा आवाज वेशीच्या आत बरा." वेशीच्या आत! आमच्या गावाला वेस कुठे आहे? स्पीडब्रेकर आहे फक्त.

२१ जानेवारी, बुधवार

क्लासच्या सरांनीही क्लिप बघितली. "आवाज चांगला आहे, भाषा तेवढी शुद्ध करा." मी म्हटलं, "सर, भाषा शुद्ध केली तर मॅच कोणाला कळणार नाही." वर्गाबाहेर काढलं. समुद्रावर जाऊन वडापाव खाल्ला. चांगला होता.

२४ जानेवारी, शनिवार

गणराजदादा घरी आला होता. बाबांना म्हणाला, "काका, पोरीला आज आन् सोमवारी चौलला पाठवा. लोक इचारतान तिला." बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आईने चहा दिला तोही अर्धा कप. मी त्यांच्यासमोरूनच चपला घातल्या आणि त्याच्या मागोमाग निघाले. कोणी हाक मारली नाही. मारली असती तरी वळले नसते.

आज दिवसभर बोलले. घसा आता माझा बसलाय. गणराजदादा एकदा म्हणाला, "तोंड काय, सगल्या गावाला हाय. तुजे डोले येगले हायेत." तेव्हा हसण्यावारी नेलं. आता वाटतंय बरोबर आहे त्याचं. बॅट्समन मैदानात येताना मी त्याची चाल बघते आणि पुढचं मला कळतं. हा खांदा टाकून चालतोय म्हणजे आदल्या मॅचला लवकर गेलाय. हा पिचवर मुद्दाम फार वेळ बॅट ठोकतोय म्हणजे घाबरलाय. हे मला कोणी शिकवलं नाही. इतकी वर्षं घरात सगळ्यांनी एवढं बिंबवलं की माझ्याकडे फक्त तोंड आहे, की मीही तेच धरून बसले होते.

लिहून टाकते एकदाचं. मला हेच करायचंय. हौस म्हणून नाही, पोटासाठी आणि नावासाठी. उरण, पनवेल, अलिबाग, श्रीवर्धन - जिथे मैदान तिथे माईक आणि तिथे मी. तलाठ्याची खुर्ची ज्याला पाहिजे त्याने घ्यावी.

पियूष आणि त्याची टोळी ओटीवर बसून खुसुरफुसुर करत होती. मी गेले की गप्प. मी म्हटलं, "काय शिजतंय?" पियूष म्हणाला, "तुज्या तोंडान् तीळ भिजत न्हाय. जा आत." नका सांगू! सोमवारची सेमीफायनल थळबरोबर आहे आणि तुमचे दोन बॅट्समन दुखापतीने बसलेत, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

२६ जानेवारी, सोमवार

सगळं लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. जाणार नाही, तरी लिहिते.

आमची बॅटिंग. तीन गडी लवकर गेले. नवीन बॅट्समन आला. टोपी खाली ओढलेली, दाढी केलेली, पाठ माझ्याकडे. समोर संघाची यादी होती पण मी यादी कधी बघते? मी माणूस बघते. तो पिचवर गेला, डाव्या हाताची बाही दोनदा ओढली, बॅट पायामागे टेकवली, छाती बॉलरकडे वळवून पुढच्या पायाची टाच उचलून उभा राहिला.

आणि माझ्या तोंडून निघालं. आनंदाने निघालं, हे सगळ्यात वाईट! "आरं, यो तं दिघीचा अल्पेश! आथा बगा मजा! थळवाल्यांनो, मागं सरा, वारीन् उभं रव्हा!"

त्याने पहिलाच बॉल वाडीत मारला. सुपारीच्या झाडांत. मी किंचाळत होते - अल्पेश, अल्पेश, दिघीचा अल्पेश! त्याला मी किती मॅचेसमध्ये बघितलंय! रोह्याकडून खेळताना, म्हसळ्याकडून खेळताना. नाव लाईव्हखालच्या कमेंट्समधून कळलं होतं, आवाज तर माझा बंदच. आज पहिल्यांदा समोर.

गणराजदादाने माझ्या हातावर हात ठेवला. यादीकडे बोट केलं. यादीत लिहिलं होतं - शुभम.

शुभम आमच्या गावचा. जहाजावर असतो, मे महिन्यात येतो. त्याचं आधार कार्ड त्याच्या आईकडे असतं. कार्डावरच्या फोटोत कोण कोणासारखं दिसत नाही? तपासणारा फोटो बघतो, पत्ता बघतो, संपलं. म्हणजे हे शिजत होतं ओटीवर!

थळचा कॅप्टन धावत मंडपात आला. "बाई काय बोलल्या? परत बोला." परत बोलायची गरज नव्हती, सगळं लाईव्ह गेलं होतं. तो म्हणाला, "कार्ड नको, माणूस आणा इकडे." तेवढ्यात माणूस मागच्या वाडीतून बाईकवर बसून पसार.

संध्याकाळपर्यंत निकाल. माझा आवाज दहा वेळा लावून ऐकला आणि बापदेव संघ बाद. थळ फायनलला. अल्पेशला दोन सीझन बंदी, रायगडात कुठल्याही गाववार स्पर्धेत. फायनल आठ तारखेला.

पियूष माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं मारेल. म्हणाला, "घरान् दुश्मन पाळलाय आमी." आणि थुंकला. माझ्यावर नाही, शेजारी. पण लागलं तेवढंच.

२७ जानेवारी, मंगळवार

आईने ताट वाढलं नाही, आपटलं. बाबा ट्रक घेऊन पहाटेच गेले, रोजच्यापेक्षा लवकर, माझं तोंड बघायला लागू नये म्हणून.

मला हे समजावून सांगा कोणीतरी. कार्ड कोणी दिलं? शुभमच्या आईने. माणूस कोणी आणला? पियूषने. त्याला शुभम शुभम म्हणून हाका कोणी मारल्या? सगळ्या संघाने. आणि गुन्हेगार कोण? जिने ओळखला ती!

जीभ हासडून हातात देईन म्हणून एकाने मेसेज केलाय. नाव लपवून. माझ्याच वर्गातला आहे, स्पेलिंगवरून कळतं.

२९ जानेवारी, गुरुवार

देवळात गावकी बसली. बाबांना बोलावलं, मला बाहेर पायरीवर बसवलं. गावकीचे मुख्य चंदरकाका. माझ्या बारशाला होते म्हणे. आज माझ्याकडे बघितलंही नाही. पण आतलं सगळं ऐकू येत होतं, कारण चंदरकाकांचं हळूही माझ्यासारखंच आहे.

मुद्दा असा. माणूस पकडला गेला नाही. शुभमचं कार्ड खरं आहे. म्हणजे पुरावा एकच - माझा आवाज. आठ तारखेला फायनलच्या आधी मी माईकवर सांगायचं की मी नाव चुकले. लांबून बघितलं, उन्हात बघितलं, तो शुभमच होता, सुट्टीवर आला होता, गेला परत. आयोजकांनाही मिटवायचंच आहे. मग सेमीफायनल परत होईल, गावाची अब्रू राहील, बंदीही उठेल.

आणि मी नाही सांगितलं तर? एप्रिलमध्ये पियूषच्या लग्नाची हळद आहे. चंदरकाका म्हणाले, "नामा, आमी कोनाला वाळीत टाकत न्हाय बरं. कायदा हाय. आमाला फक्त त्या दिवशी टाईम नसंल. सगल्या गावालाच नसंल."

मंडप घातलाय, बँड आलाय, जेवण शिजलंय आणि गाव नाही - हे आईच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं असणार. घरी आल्यापासून रडतेय. मला तिची दया येते आणि तिचा राग येतो. दोन्ही एकदम आल्यावर मी काय करते? भांडते. आजही भांडले.

३१ जानेवारी, शनिवार

गणराजदादाला फोन केला. वाटलं, हा तरी माझ्या बाजूने बोलेल. म्हणाला, "बोल की चुकलं म्हनून. कॉमेंट्रीवाल्याचं चुकतंच. मी कितीदा चुकलंय. येक वाक्य बोल आन् मोकली हो."

मी म्हटलं, "पण मी चुकले नाही."

"त्ये मना म्हाईत हाय, तुला म्हाईत हाय. बाकीच्यांना कराचंय काय?" मग आवाज खाली आणून: "रुचिता, उरणवाले तुला इचारत होते. पनवेलचे पन. पन ज्या पोरीपायी गावाचा संघ बाद झाला, तिला माईक कोन देनार? आपलं नाव घेल म्हनून सगलेच घाबरतीन. मिटव. मंग मे म्हैन्यापावत माईक तुजाच."

म्हणजे खरं बोलले तर माईक गेला. खोटं बोलले तर माईक माझा. वा रे वा!

२ फेब्रुवारी, सोमवार

क्लासला गेले नाही. कोणी विचारलंही नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

बाबा आज बोलले. इतक्या दिवसांनी. मी ओटीवर बसले होते, ते येऊन खाली पायरीवर बसले, पाठ माझ्याकडे करून.

"तलाठी व्हाचं नसंल तं नको व्हव. फी गेली ती गेली. तू ते माईक घे, भोंगा घे, काय कराचं ते कर. मी आडवा येनार न्हाय. सोडाला बी येन. पन आठ तारखेला बोल, चुकलं म्हनून."

माझे बाबा! ज्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता ते! जे मी भांडून, रडून, उपाशी राहूनही मिळवलं नसतं ते त्यांनी माझ्यापुढे आणून ठेवलं, एका खोट्या वाक्याच्या बदल्यात. आणि ते वाक्य काय, तर मला ओळखता येत नाही. मला जी एकच गोष्ट येते, ती येत नाही म्हणून मी सांगायचं. तेही सगळ्या तालुक्याला. त्याच माईकवरून.

राग आला. पण रागाच्या मागे काहीतरी हलकंही वाटलं, ते लपवून काय करू? मला पाहिजे तो माईक. फार पाहिजे.

४ फेब्रुवारी, बुधवार

हो म्हटलं.

आईसाठी, पियूषच्या हळदीसाठी, गावासाठी म्हटलं असं सगळे समजतायत. आईने जवळ घेतलं, पियूषने स्वतः उठून चहा आणून दिला. आवडाबाईंनी कुंपणावरून खोबऱ्याची वडी पाठवली. घ्या! एवढी वर्षं खरं बोलून एक वडी मिळाली नव्हती.

कोणासाठीही नाही. माझ्यासाठी म्हटलं. निदान इथे तरी हे लिहिते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

वाक्य म्हणून बघते. "त्या दिवशी माझ्याकडून नाव घेण्यात चूक झाली." आरशासमोर म्हटलं, स्कूटीवर म्हटलं. त्या पहिल्या दिवशीच्या माणसासारखा आवाज येतो. गोलंदाजाने चेंडू टाकला. फलंदाजाने चेंडू मारला.

७ फेब्रुवारी, शनिवार

एका अनोळखी नंबरवरून दुपारपासून फोन येतोय. शेवटी मेसेज आला - 'अल्पेश, दिघी. एकदा बोलायचं हाय.'

उचलत नाही. काय बोलणार ते मला माहीत आहे. दोन सीझन बंदी म्हणजे त्याचं सगळंच गेलं. त्याच्या गावात संघ नाही म्हणे, तो दुसऱ्यांसाठीच खेळतो. माझ्या एका आरोळीने त्याला घरी बसवलं. शिव्या घालेल, नाहीतर हातापाया पडेल - ताई, उद्या बोला नक्की, विसरू नका. शिव्या चालतील. दुसरं ऐकवणार नाही.

अरे बाबा, बोलणार आहे मी उद्या! कशाला फोन करतोस?

पियूषने माझ्यासाठी नवा ड्रेस आणलाय उद्यासाठी. निळा. मला निळा आवडत नाही, हे त्याला कधी माहीत असणार! सगळे इतके गोड वागतायत की मला त्या घराची आठवण येतेय जिथे माझ्यावर ओरडायचे.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी निघताना फोन उचलला. भांडायच्या तयारीनेच.

तो म्हणाला, "ताई, आज तुमी चुकलं म्हनून सांगनार हाव असं कळलं. तेवढं नका सांगू."

मी म्हटलं, "अरे, तुझीच बंदी उठणार आहे!"

"ऊठू दे नायतर राहू दे. इतकी वरसं मी सिक्स मारतोय ताई, आन् माईकवर दुसऱ्याचंच नाव वाजतं. शुभम, राकेश, कोन कोन. त्या दिवशी माझे आयेनं मोबाईलवर पयल्यांदा माझं नाव ऐकलं. दिघीचा अल्पेश. शेजारनींना बोलवून बोलवून ऐकवते. ते तेवढं मागं नका घेऊ."

बोललेलं मागे घेऊ नका म्हणून कोणीतरी सांगत होतं. मला!

मैदानावर गेले. पुढे चंदरकाका, बाबा, पियूष, अख्खं गाव बसलं होतं. गणराजदादाने माईक दिला. मी म्हटलं, "त्या दिवशी बॅटिंगला दिघीचा अल्पेश होता. मी बरोबर ओळखला." माईक लगेच काढून घेतला. तोपर्यंत लाईव्ह गेलं होतं.